व्हिलाय आणि मायक्रोव्हिलाय: बोटात पेशी की पेशीवर बोट?

माझी भाची बारावीला आहे, नीटची तयारी चाललीय. मागच्या महिन्यात तिने लहान आतड्याची आकृती काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवली, "मामा बघ ना बरोबर आहे का". आकृती सुंदर होती, कलर पेन्सिलने शेडिंग वगैरे, पण एका मायक्रोव्हिलसच्या आत तिने लॅक्टिअल (चरबी वाहून नेणारी लसिकेची, म्हणजे लिंफची नळी) काढून त्याला बाण देऊन नाव लिहिलं होतं. म्हणजे मुंगीच्या पोटात ट्रॅक्टर उभा केला होता पोरीने. मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर आतड्याचे, पित्ताशयाचे, गर्भपिशवीचे तुकडे मेणात बसवून कापतो, त्यामुळे मला हे हसू येण्यासारखं वाटलं, पण मग लक्षात आलं की हा घोळ फक्त तिचा नाहीये. बायोप्सीचा रिपोर्ट हातात घेऊन येणारे लोकही हेच विचारतात की "व्हिलाय म्हणजे ते ब्रशसारखं असतं तेच ना?" नाही, ते ते नाही. व्हिलाय म्हणजे लहान आतड्याच्या आतल्या बाजूला उभी असलेली, अन्न शोषणारी बोटं, आणि ब्रशसारखे दिसतात ते मायक्रोव्हिलाय, एकेका पेशीच्या माथ्यावरचे. म्हणून तिला जसं टप्प्याटप्प्याने समजावलं तसंच इथे लिहितोय, थोडं लांबेल पण एकदा बसलं की परत हलत नाही.

पायरी १: नाव विसरा

सगळा गोंधळ नावामुळे होतो. मायक्रो म्हणजे सूक्ष्म, मग मायक्रोव्हिलाय म्हणजे छोटे व्हिलाय, असं डोकं आपोआप समजून घेतं. जसं मोठा लाडू छोटा लाडू. पण तसं नाहीये, ही दोन वेगळ्याच जातीची कामं आहेत, दिसायला दोन्ही बोटासारखी एवढंच साम्य. व्हिलस हा लॅटिन शब्द, अर्थ साधारण केसांचा झुबका, लव. एक असेल तर व्हिलस, अनेक असले की व्हिलाय, काही जण व्हिली म्हणतात तेही चालतं. मराठी पुस्तकांत यांना वेगवेगळे प्रतिशब्द दिसतात आणि त्यातले काही दुसऱ्याच अवयवालाही वापरलेले असतात, त्यामुळे मी इथे सरळ व्हिलाय आणि मायक्रोव्हिलायच म्हणणार आहे, उगाच तिसरा घोळ नको.

पायरी २: एकच प्रश्न विचारा

समोर कुठलंही बोटासारखं काही आलं, आकृतीत असो स्लाईडवर असो, स्वतःला विचारायचं: बोटात पेशी आहेत, की पेशीवर बोट आहे?

बोटात पेशी असतील तर तो व्हिलस. म्हणजे तो उंचवटा अख्खाच्या अख्खा टिश्यूचा आहे, त्याला बाहेरून पेशींचं अस्तर आहे, आत गाभा आहे, गाभ्यात रक्तवाहिन्या आहेत, थोडे स्नायूंचे धागे आहेत, फिरस्ते पांढऱ्या पेशी आहेत. शेकडो हजारो पेशींनी मिळून बनवलेलं एक बोट.

पेशीवर बोट असेल, म्हणजे एकाच पेशीच्या वरच्या पृष्ठभागाचं आवरण बाहेर ढकलून झालेला तो फुगवटा असेल, तर तो मायक्रोव्हिलस. त्याच्यात पेशी नाही, केंद्रक नाही, रक्तवाहिनी नाही, काही नाही. फक्त बाहेरून पेशीचं आवरण आणि आत ॲक्टिन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांची जुडी, साधारण २० ते ३० धागे, उभे, एकमेकांना दुसऱ्या प्रोटीननी बांधलेले. केरसुणीच्या काड्या दोरीने आवळून बांधतात ना तसं. त्या बांधणाऱ्या प्रोटीनपैकी एकाचं नाव व्हिलिन आणि दुसऱ्याचं फिम्ब्रिन, म्हणजे नावं ठेवणाऱ्यांनी इथेही आपल्याला छळायचं सोडलं नाही. जुडीचं खालचं टोक पेशीच्या आत टर्मिनल वेब नावाच्या जाळीत रोवलेलं असतं.

आता भाचीची चूक बघा. लॅक्टिअल ही लसिकेची नळी आहे, तिची भिंत स्वतः पेशींची बनलेली आहे. जे बोट स्वतःच एका पेशीचा किरकोळ भाग आहे त्याच्या आत पेशींची बनलेली नळी जाईल कशी? हा प्रश्न विचारला की पाठांतर न करताच उत्तर येतं. लॅक्टिअल, केशवाहिन्या, गॉब्लेट पेशी (चिकट म्यूकस सोडणाऱ्या) हे सगळं व्हिलसचं. ॲक्टिनची जुडी आणि ब्रश बॉर्डर (पेशीच्या माथ्यावर दिसणारी मायक्रोव्हिलायची दाट पट्टी) हे मायक्रोव्हिलायचं.

पायरी ३: माप डोक्यात बसवा

लहान आतड्यातला व्हिलस उंचीला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. मायक्रोव्हिलस साधारण एक मायक्रोमीटर उंच आणि ०.१ मायक्रोमीटर जाड. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रोमीटर, म्हणजे फरक हजारपटीचा आहे, छोटा लाडू मोठा लाडू असा नाही.

भाचीला हे आकडे सांगितले तर ती "हं हं" करत होती, मग मी तिला म्हटलं की कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. व्हिलस म्हणजे कळसूबाई धर. तर त्या हिशेबाने मायक्रोव्हिलस म्हणजे डोंगरावर उभा असलेला साधारण साडेपाच फुटी माणूस. आणि असा एखादा माणूस नाही, पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळा डोंगर माणसांनी खांद्याला खांदा लावून भरलेला, कारण आतड्याच्या एकेका शोषणाऱ्या पेशीवर तीन हजारांच्या आसपास मायक्रोव्हिलाय असतात आणि एका व्हिलसवर अशा पेशी हजारोंनी. हे ऐकल्यावर मात्र "हं हं" थांबलं.

म्हणजे यांचं नातं पण यातूनच कळतं. व्हिलस हा डोंगर, त्याच्यावर पेशींचं अस्तर, आणि त्या अस्तरातल्या प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर मायक्रोव्हिलाय. एकाच्या अंगावर दुसरं. दोन पर्याय नाहीत, दोन मजले आहेत.

जाता जाता एक गोष्ट, जी जुन्या गाईडमधून आजही कॉपी होते. पाठ्यपुस्तकी हिशेब असा असतो की आतड्याच्या आडव्या घड्यांमुळे क्षेत्रफळ ३ पट, व्हिलायमुळे १० पट, मायक्रोव्हिलायमुळे २० पट, एकूण ६०० पट, आणि मग "टेनिस कोर्टाएवढं आतडं" हे वाक्य. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी नीट मोजमाप केलं तर अख्ख्या पचनमार्गाचं आतलं क्षेत्रफळ जवळपास ३० ते ४० चौरस मीटरच निघालं, म्हणजे साधारण अर्धं बॅडमिंटन कोर्ट. परीक्षेत तुमच्या पुस्तकात जे आहे तेच लिहा बाबांनो, मार्क जायला नकोत, पण खरी गोष्ट माहीत असू द्या.

पायरी ४: कुठे काय सापडतं

इथे परीक्षावाले फसवतात, म्हणून इथे जरा थांबूया.

लहान आतड्यात दोन्ही आहेत. त्याचे तीन भाग: पहिल्या, ड्युओडेनममध्ये व्हिलाय जरा रुंद, पानासारखे असू शकतात, मधल्या जेजुनममध्ये उंच आणि भरपूर, शेवटच्या इलियममध्ये कमी होत जातात.

मोठ्या आतड्यात व्हिलाय नाहीत. पण तिथल्या पेशींवर मायक्रोव्हिलाय आहेत. हे वाक्य दोनदा वाचा, कारण "मायक्रोव्हिलाय म्हणजे व्हिलायवरचे छोटे केस" असं पाठ केलेल्या माणसाची इथेच विकेट पडते. मायक्रोव्हिलायला व्हिलसची गरज नाही, पेशीची गरज आहे.

किडनीतही तसंच. नेफ्रॉनच्या (किडनीतल्या एका बारीक गाळणी-नळीच्या) पहिल्या वळणदार नळीत, म्हणजे पीसीटीमध्ये, घनाकार पेशींवर दाट ब्रश बॉर्डर असते. व्हिलाय एकही नाही. तिथे काम परत तेच, गाळलेल्या पाण्यातून ग्लुकोज, अमिनो ॲसिड, मीठ परत ओढून घ्यायचं. नीटला हा प्रश्न आवडीचा आहे.

उलट बाजूने, व्हिलाय फक्त आतड्यातच असतात असंही नाही. गर्भाच्या वारेमध्ये, म्हणजे प्लासेंटात, कोरिऑनिक व्हिलाय असतात, झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले, आत बाळाच्या रक्तवाहिन्या आणि बाहेरून आईचं रक्त. गरोदरपणात अकराव्या आठवड्यानंतर सीव्हीएस नावाची जी तपासणी काही जणींना सुचवतात ती या व्हिलायचा बारीक नमुना घेऊन करतात. आणि गंमत म्हणजे त्या कोरिऑनिक व्हिलायच्या बाहेरच्या थरावर परत मायक्रोव्हिलाय असतात! मेंदूच्या आवरणातसुद्धा ॲरॅक्नॉइड व्हिलाय असतात, तिथून मेंदूभोवतालचं पाणी शिरेच्या रक्तात जातं. सगळीकडे नियम तोच, बोटात पेशी.

सिलिया मात्र या कुटुंबातले नाहीत. ते पेशीवरचं बोट असतं खरं, पण आत ॲक्टिन नसून मायक्रोट्यूब्यूल (प्रोटीनच्या पोकळ नळ्या) असतात, ९ जोड्या कडेला आणि २ मध्ये, आणि ते स्वतः हलतात, श्वासनलिकेतला कफ वर ढकलतात. आणि कानातले स्टिरिओसिलिया? नावात सिलिया, जातीने लांब मायक्रोव्हिलाय. नाव ठेवलं तेव्हा आतली रचना कुणाला दिसत नव्हती, काय करणार.

पायरी ५: स्वतःच्या डोळ्यांनी बघा (वजडीची युक्ती)

हे मांसाहारी घरातल्यांसाठी, बाकीच्यांनी पुढच्या पायरीवर जा.

मटणाच्या दुकानात वजडी घेताना सांगायचं की न धुतलेला, न खरवडलेला एक तुकडा पोटाचा आणि एक बोटभर तुकडा बारीक आतड्याचा वेगळा द्या, आणि तो सकाळी ताजा कापलेल्या बकऱ्याचाच हवा. कारण जनावर मेल्यावर आतड्याचं अस्तर फार लवकर सडायला लागतं, काही तासांत व्हिलायची टोकं गळून पडायला सुरुवात होते. दुपारी आणलेल्या तुकड्यात तुम्हाला नुसता चिकट गाळ दिसेल आणि मग मला शिव्या द्याल.

हातमोजे घाला. आतडं कात्रीने लांबीत उभं चिरा, आतली घाण मीठ घातलेल्या पाण्याच्या हलक्या धारेने जाऊ द्या, बोटाने अजिबात घासू नका. लिटरला ९ ग्रॅम मीठ असं पाणी करायचं, साध्या पाण्यात पेशी फुगतात. मग तो तुकडा आतली बाजू वर करून गडद रंगाच्या बशीत त्याच मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, बाजूने टॉर्च मारा आणि दहापट भिंगातून बघा. मखमलीसारखी लव पाण्यात हलताना दिसते. ती लव म्हणजे व्हिलाय. पाण्याबाहेर काढलं की सगळे आडवे पडतात आणि काही दिसत नाही, म्हणून बुडवणं महत्त्वाचं.

आता पोटाचा तुकडा बघा. वजडी साफ करणाऱ्या प्रत्येक बाईला तो टर्किश टॉवेलसारखा पृष्ठभाग माहीत असतो, गरम पाणी किंवा चुना लावून जे काळपट सालटं खरवडतात ना, तेच. ती बोटं तर भिंगाशिवाय ढळढळीत दिसतात, काही मिलिमीटर लांब. इथे सगळे म्हणतात हे बघा व्हिलाय! नाही. हे रुमेनचे, म्हणजे बकऱ्याच्या पोटाच्या मोठ्या कप्प्याचे पॅपिले आहेत. बोटात पेशी आहेत हे खरं, पण यांचं अस्तर आपल्या त्वचेसारखं अनेक थरांचं, वरून कडक झालेलं असतं, व्हिलससारखं एका थराचं नाजूक नसतं, आणि आत लॅक्टिअलही नाही. आपल्या जिभेवरचा खरखरीतपणा पण पॅपिलेच. त्यामुळे पायरी २ चा प्रश्न विचारून "बोटात पेशी" असं उत्तर आलं तर पुढे एक जोडप्रश्न ठेवा: अस्तर एका थराचं आहे का?

आणि मायक्रोव्हिलाय? ते भिंगातून काय, कॉलेजच्या मायक्रोस्कोपमधूनही सुटे दिसणार नाहीत. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची मर्यादा ०.२ मायक्रोमीटरच्या आसपास आहे, आणि यांची जाडी त्याच्या निम्मी. तिथे फक्त पेशींच्या माथ्यावर एक सलग गुलाबी रेघ दिसते, तिला जुन्या लोकांनी ब्रश बॉर्डर म्हटलं. ती रेघ म्हणजे सुटी सुटी बोटं आहेत हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर, १९५० च्या सुमारास कळलं. आमच्याकडे ही रेघ उठावदार करायची असेल तर पीएएस नावाचा स्टेन (रंग देण्याची पद्धत) करतो, मस्त जांभळट गुलाबी होते.

वापरून झाल्यावर तुकडे नीट गुंडाळून फेका आणि हात साबणाने धुवा. बशी परत जेवणात आणू नका, बायकोकडून मी ऐकून घेतलंय.

पायरी ६: बायोप्सी रिपोर्टमध्ये कशाबद्दल लिहिलंय ते ओळखा

ड्युओडेनमच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये "व्हिलस आर्किटेक्चर", "ब्लंटिंग", "ॲट्रोफी" असे शब्द असतात. हे सगळं डोंगराबद्दल आहे, माणसांबद्दल नाही. म्हणजे व्हिलाय उंच आहेत, बुटके झालेत की सपाट झालेत. सोबत क्रिप्टबद्दल लिहिलेलं असतं, क्रिप्ट म्हणजे दोन व्हिलायच्या मधल्या खोल विहिरी, जिथे नवीन पेशी तयार होतात आणि सरकत सरकत व्हिलसच्या टोकाला जाऊन तीनपाच दिवसांत गळून पडतात. निरोगी तुकड्यात व्हिलसची उंची क्रिप्टच्या तिप्पट ते पाचपट असते.

सिलियाक रोगात गहू, जव, राय (मोहरी नव्हे, rye हे धान्य) यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच अस्तरावर हल्ला करतं, व्हिलाय झिजत जातात आणि क्रिप्ट मात्र लांब होतात. त्याच्या पायऱ्यांना मार्श ग्रेड म्हणतात. मार्श १ म्हणजे फक्त अस्तरात लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेत, मार्श २ मध्ये क्रिप्टही वाढलेत, मार्श ३ म्हणजे व्हिलाय बसायला लागलेत, त्यात परत ए बी सी, सी म्हणजे पूर्ण सपाट.

इथे आमच्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो जी डॉक्टर सहसा सांगत बसत नाहीत. तुकडा मेणात उभा बसवला नाही, तिरपा बसला, तर चांगले उंच व्हिलायही कापताना बुटके दिसतात. काकडी सरळ उभी चिरली तर लांब फोड, आडवी कापली तर चकती, काकडी तीच. म्हणून बघणाऱ्याने तीनचार सलग, नीट उभे कापलेले व्हिलाय मिळाल्याशिवाय ब्लंटिंग म्हणू नये, आणि म्हणूनच एंडोस्कोपी करणारे एकच तुकडा न घेता चारपाच घेतात. शिवाय आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात तब्येतीने ठणठणीत माणसाचे व्हिलायही थोडे बुटके, पानासारखे असू शकतात. तर रिपोर्टमधला एक शब्द वाचून लगेच चपाती बंद करू नका, सिलियाकसाठीची रक्ताची टीटीजी तपासणी गहू खात असतानाच करायची असते, आधी बंद केला तर तपासणीच फसते. पोटाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते. खरंच सिलियाक निघालाच तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आपल्या घरात आहेतच, फक्त गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर त्याचं पीठ तुमच्या ज्वारीत येणार, ही भानगड सांभाळा. क्रिप्ट शाबूत असतात म्हणून गहू सोडल्यावर व्हिलाय परत उगवतात, पण काही महिने, मोठ्या माणसांत कधी वर्षंही लागतात.

मायक्रोव्हिलायचा बिघाड नेहमीच्या रिपोर्टमध्ये क्वचित येतो. लहान बाळाला जन्मल्यापासून न थांबणारे पाण्यासारखे जुलाब असतील तर मायक्रोव्हिलस इन्क्लुजन डिसीज नावाचा दुर्मिळ आजार शोधतात, त्यात मायक्रोव्हिलाय पेशीच्या माथ्यावर यायच्याऐवजी पेशीच्या आतच पिशवीत अडकून बसतात. त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप किंवा सीडी१० सारखे स्टेन लागतात.

नेहमीचा अनुभव म्हणाल तर तो जुलाबानंतर दूध न पचण्याचा. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम मायक्रोव्हिलायच्या आवरणावरच बसलेलं असतं, आणि ते जास्त करून व्हिलसच्या वरच्या भागातल्या पिकलेल्या पेशींवर. इन्फेक्शनमध्ये आधी वरच्याच पेशी गळतात, मग नवीन पेशी खालून वर येऊन तयार होईपर्यंत काही दिवस दूध प्यायलं की पोट गुरगुरतं. आजी म्हणायची ना, चार दिवस दूध नको, ताक दे. ताक-दह्यात बॅक्टेरियांनी थोडी साखर आधीच खाल्लेली असते. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र बंद करायचं नसतं.

यातून अजून एक दिसतं: व्हिलस झिजला की त्याच्यावरचे मायक्रोव्हिलाय जातातच, पण उलटं खरं असेलच असं नाही. ईपीईसी नावाचे काही ई. कोलाय जंतू पेशीला चिकटून तिथले मायक्रोव्हिलाय पुसून टाकतात, डोंगर बऱ्यापैकी उभा असतो आणि माणसं गायब.

पायरी ७: आकृती काढताना

एका आकृतीत दोन्ही नीट दाखवता येत नाहीत, हजारपटीचा फरक आहे, म्हणून सरळ दोन आकृत्या काढा. डावीकडे पूर्ण व्हिलस, त्यात एका थराचं अस्तर, मधूनमधून गॉब्लेट पेशी, मध्ये लॅक्टिअल, भोवती केशवाहिन्यांची जाळी, पायथ्याशी क्रिप्ट. मग अस्तरातल्या एका पेशीवर छोटा चौकोन करा, तिथून दोन रेषा उजवीकडे ओढा आणि तीच पेशी मोठी करून काढा, केंद्रक खालच्या बाजूला, माथ्यावर मायक्रोव्हिलाय, आत ॲक्टिनच्या उभ्या रेघा. डावीकडे खाली "०.५ मिमी" ची आणि उजवीकडे "१ मायक्रोमीटर" ची मापरेघ द्या. गॉब्लेट पेशीच्या माथ्यावर दाट ब्रश काढू नका, तो शोषक पेशींचा मान.

बाणांच्या बाबतीत पण लक्ष द्या. ग्लुकोज आणि अमिनो ॲसिड मायक्रोव्हिलायतून पेशीत, पेशीतून केशवाहिनीत, तिथून लिव्हरकडे. चरबी पेशीतच पुन्हा बांधून लॅक्टिअलमध्ये जाते. म्हणजे आत घेण्याचं दार मायक्रोव्हिलसवर आणि पुढे नेण्याची गाडी व्हिलसमध्ये.

भाचीने परत आकृती काढून पाठवली, या वेळी दोन खणांची, आणि खाली लिहिलं होतं, "मामा, व्हिलसवर मायक्रोव्हिलाय, मग मायक्रोव्हिलायवर काय?" आहे ना, त्याच्यावर ग्लायकोकॅलिक्स आहे, साखरेच्या साखळ्यांचा धुरकट थर. म्हटलं उजवीकडच्या आकृतीत टोकांवर पेन्सिलने हलकं घासून दाखव, आणि त्याला बोट म्हणू नकोस.